न फुटलेलं लिंबू

जगदेवने पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मागे सरकून हात जोडले. वैभवी सायकलवर बसली, पायडल मारलं. चाक लिंबावर चढलं, लिंबावरून उतरलं. लिंबू जसंच्या तसं.

इंझोरीच्या माळावर शर्यत बघायला जमलेली मंडळी वाकून लिंबाकडे बघू लागली. ट्रॅक्टर असो की मोटारसायकल, निघताना चाकाखाली लिंबू फुटलंच पाहिजे. जगदेवच्या घरच्या चाकांखालून आजवर एकही लिंबू वाचलं नव्हतं.

त्याने टायर दाबून पाहिलं. अंगठा आत गेला.

"हवाच नाही यात! वैभे, पंक्चर सायकल घेऊन टेकडी उतरून राह्यली का तू?"

"पंक्चर नाही बाबा. मीच कमी ठेवली हवा."

जगदेवचा जीव टांगणीला लागला. मागच्या वर्षी याच उतारावर पोरगी पडली होती, खांद्याचं हाड मोडलं होतं. आज निघताना विजयमालाने लेकीला बजावलं होतं, आता पडलीस तर सायकल भंगारात. वैभवीने ते कबूल केलं आणि वरून आईच्या हातचा चहा पिऊन निघाली.

जगदेव कुणाचा तरी पंप मागून घेऊन आला. "भरू दे मले. दगडावानी टाइट करतो."

"मागच्या साली तशीच टाइट होती. दगडावर आपटली, सायकल उडाली, मी बी उडाली."

"अन् कमी हवेनं ट्यूब चेपली मंग?"

"ट्यूबच नाही यात, त चेपन काय? आत पातळ औषध हाये. काटा घुसला तरी भोक तेच बुजवते. पंप ठेवा बाबा. लिंबू नाही फुटलं, हाडं बी नाही फुटनार."

शिट्टी झाली. जगदेवने लिंबू खिशात कोंबलं, चपला हातात घेतल्या आणि उताराच्या पायथ्याकडे धूम ठोकली.

उतारावर नुसता मुरूम आणि सुटे काळे दगड. सगळ्यांत पुढची मुलगी टणाटणा उडत खाली आली. वळणावर सायकल एकीकडे गेली, ती दुसरीकडे. कपडे झटकत उठली बिचारी. तिच्या मागे वैभवी होती.

जगदेवने डोळे मिटायचं ठरवलं होतं, पण मिटवेनात. तिचं चाक दगडावर चढलं, जरासं दबलं, दगडाला धरून पुढे सरकलं. मग दुसरा दगड. उडणं नाही की घसरणं नाही. मघाशी लिंबावरून गेलं होतं, अगदी तसंच. वळणावर तर कार्टी बापाकडे बघून हसली. जगदेवला एवढा आनंद झाला की त्याने हातातल्या चपला हवेत उडवल्या.

पहिली येऊन वैभवी धापा टाकत त्याच्याजवळ थांबली. जगदेवने खिशातलं लिंबू काढलं, दाताने फोडलं आणि तिच्या पाण्याच्या बाटलीत पिळलं.

"बाबा! पूजेचं लिंबू होतं ना ते!"

"पूजा झालीच कुठं? पे गुमान."

ती प्यायली. तेवढ्यात त्याने खाली बसून पुढचं चाक पुन्हा एकदा अंगठ्याने दाबून पाहिलं.

"पुढच्या साली," तो म्हणाला, "चाकाखाली दगडच ठेवू."