उजवा पंख

“सर, हे विमान तुम्ही दारातून बाहेर कसं काढणार?”

एका दमात विचारून ती मोकळी झाली. फाटकाबाहेर तिच्या तीन मैत्रिणी कुंपणाला नाकं लावून उभ्या होत्या. सुतारकामाचे सर तिला मिनिटभरात हाकलून देतात की नाही, अशी पैज होती. शाळेत असताना ते नुसते खाकरले तरी वर्ग चिडीचूप व्हायचा. निवृत्त झाले आणि त्यांनी चक्क बैठकीच्या खोलीत विमान बांधायला घेतलं. एकावर एक पंख असलेलं, जुन्या काळातलं, खऱ्याच्या बरोबर निम्म्या मापाचं. आणि सगळं लाकडाचं.

सरांनी रंधा थांबवला. “जसं आत आलं तसं. तुकड्यातुकड्यांनी. चपला काढ आणि ये.”

“सोफा मात्र एकाच तुकड्यात गेला हो,” आतून सरांच्या बायकोचा आवाज आला.

ती आत गेली आणि पैज विसरली. विमानाने भिंत ते भिंत खोली व्यापली होती. अजून कापड चढलं नव्हतं, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. बोटाएवढ्या जाडीच्या पट्ट्या वाफेवर वाकवलेल्या, एकमेकींत अशा बसवलेल्या की सांध्यात नख जाईना. वरचा अखंड पंख डोक्यावर होता. खालचा डावा लागला होता. त्याच्या फासळ्या तिने मोजायला घेतल्या आणि सतराव्या फासळीवर हात फिरवतच राहिली.

“सर, हे तर झाकलं जाणार. मग आतून इतकं गुळगुळीत कशाला?”

“लाकडाची बारीक कूस वर राहिली की कापड फाटतं. आता आलीच आहेस तर हात लाव. आज उजवा बसवायचाय.”

उजवा पंख भिंतीशी उभा होता. चार महिने लागले होते त्याला. सहा आठवड्यांनी शाळा उघडेल त्या दिवशी हे विमान वाचनालयाच्या दालनात छताला टांगायचं होतं. सरांनी एक टोक उचललं, तिने दुसरं. इतका मोठा पंख आणि वजन म्हणाल तर दप्तरापेक्षा कमी! तिला हसूच आलं.

“हळू. माझ्याकडे आण. टोक बाहेर.”

पंख विमानाला टेकला. तिने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे.

“सर, त्याची जाड कड पुढे आहे. याची मागे आलीय.”

“मग उलटा धर.”

त्यांनी पंख पालथा केला. आता जाड कड पुढे आली, पण पंखाचा फुगीर भाग खाली गेला आणि सपाट पोट वर. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

मी बोलले नसते तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. सर पंख हळूच जमिनीवर ठेवून टेबलाकडे गेले. टेबलावर पंखाचं ड्रॉइंग चिकटवलेलं होतं. त्यावरच फासळ्या मांडून पंख जोडायचा.

“ड्रॉइंग डाव्याचंच असतं,” ते म्हणाले. “उजव्यासाठी कागदाला तेल लावायचं. रेघा आरपार दिसतात. मग कागद पालथा घालायचा.” त्यांनी कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं. “मी तेल लावलंच नाही.”

ती वाट पाहत राहिली, सर आता ओरडतील, काहीतरी आपटतील. गणिताच्या वहीत एक आकडा चुकला तर ती अख्खं पान टरकावून टाकायची.

सरांनी कानामागची पेन्सिल काढली आणि पंखाच्या कडेवर लिहिलं: डावा, क्रमांक दोन. तारीख घातली. मग नखाने कागदाचा कोपरा सोडवू लागले.

“आता काय करणार सर?”

“काय म्हणजे? उजवा.”

“पण चार महिने लागले ना?”

“हो.” कागद न फाटता निघत होता. “एकट्याला.”

एवढं बोलून त्यांनी कागद पालथा घातला, तेलाची बाटली घेतली, कापसाचा बोळा बुडवला आणि कागदावर फिरवायला सुरुवात केली. तेल लागेल तिथे कागद काचेसारखा होत गेला. मागच्या बाजूने एकेक रेघ वर आली. तिने न सांगता दुसरा बोळा उचलला. दोघं मधोमध भेटली तेव्हा टेबलावर पंख उमटला होता. तो उजवा होता.

बाहेर मैत्रिणी तिच्यावर तुटून पडल्या. “अगं, तासभर! काय केलंस आत? काय म्हणाले?”

दोन डाव्या पंखांची गोष्ट तिच्या जिभेवर आली. ही सांगितली असती तर रात्रीपर्यंत अख्ख्या शाळेला कळली असती.

“तुकडे करून बाहेर काढणार म्हणाले,” ती म्हणाली. “पैज मी जिंकले. चला.”

घरी आई पलंगभर कपडे मांडून बॅग भरत होती. बाबा बॅगेच्या अडकलेल्या चेनशी झटापट करत होते.

“हात बघू तुझे. हे तेल कसलं?” आई म्हणाली. “तुझे कपडे काढून ठेव. परवा पहाटे निघायचंय, मामा स्टेशनवर येणारेय.”

“मी येत नाहीये. मी आजीजवळ राहीन. मामाला मी स्वतः फोन करते.”

बाबांनी चेन सोडली. “सहा आठवडे? आणि इथे एवढं काय करणार आहेस?”

“सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, सरांकडे पॉलिश पेपर घासणार,” तिने सांगितलं. “मग जमलं तर फासळ्या.”