वर्ग सोडण्याचं कारण

साक्षरतेवर एम.फिल. करणाऱ्या रत्नपालला हिंगोलीच्या ग्रंथालयात महिनाभर शोधून अखेर १९९१ सालचा प्रौढवर्गांचा अहवाल सापडला. उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगत होती. मधेच वर्ग सोडलेल्या बायांच्या यादीत त्याच्या आईचं नाव होतं, आणि पुढे कारण छापलेलं: 'आवड नाही.' आपण स्वप्नातच वाचतो आहोत, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी जवळा बाजारला घरी पोचताच त्यानं विचारलं, "माय, तू वर्गाला जात व्हतीस? मग सोडलंस काहून?"

ज्वारी निवडणारी सोजराबाई थांबली. बोटानं हवेत हळूच 'स' गिरवून ती कुठल्याशा लांबच्या दुपारी हरवल्यासारखी हसली.

"घरात पाटी एकच व्हती, लेकरा. अन् त्या साली तू शाळेत जाऊ लागला."