विटेतला अंगठा

आमच्या स्वयंपाकघरात धुराड्याच्या एका विटेत अंगठ्याएवढा खळगा आहे. ती वीट जोसाया पेंगेलीने थापली. नवऱ्याचा हा खापरपणजोबा इंग्लंडात शिपाई होता. नुकत्याच जन्मलेल्या लेकीला पाहायला पलटणीतून पळाला, वाटेतच सापडला आणि कैदी म्हणून बोटीने थेट इकडे टास्मानियात आला. विटा थापून शिक्षा भोगली, सुटल्यावर इथेच नवा संसार मांडला. ती लेक मात्र त्याला कधीच दिसली नाही.

पेंगेलींच्या घरात मूल वर्षाचं झालं की त्याचा अंगठा त्या खळग्यात टेकवतात. काल आमच्या ऑर्लाचा वाढदिवस होता. आत काय काय साचलं असेल म्हणून मी वीट सकाळीच साबणाने घासली.

"अगं, वीट आहे ती, कुत्रं नव्हे. चावायची नाही!" केकवर क्रीम थापत सासूबाई म्हणाल्या.

आधी सासऱ्यांनी आपला जाडजूड अंगठा ठेवला. चपखल बसला. मग अँगसने, माझ्या नवऱ्याने, काडीसारखा अंगठा ठेवला. तोही चपखल बसला.

"असं कसं?" मी विचारलं.

"रक्त कुणाचं आहे, सूनबाई!" सासरे म्हणाले, आणि सगळे हसले.

ऑर्लाचा इवलासा अंगठा मीच टेकवला. भोवती केसाएवढीही फट उरली नाही. टाळ्या वाजल्या, ऑर्ला खिदळली.

"झालं हं, आता केक," म्हणत मी तिचा हात हलकेच मागे ओढला.

आतून कुणीतरी, अगदी लाडाने, तो परत ओढला.