सम्हाखालाचं सरबत

सम्हाखालाचा मुलगा इद्रीस होडीसकट नाईलमध्ये बेपत्ता झाला, तेव्हा आम्ही शेजारणी तिच्याजवळ बसायला गेलो. तिने अंगणातल्या लाल अंबाडीचं सरबत पुढे केलं, दुप्पट साखर घातलेलं.

मी म्हटलं, "खाला, मुंग्या लागतील गं आम्हाला."

"लागू देत. बिनसाखरेचं द्यायला माझ्या घरी काय मयत झालीय?" ती फणकारली. "येईल तो."

त्यानंतर जो कोणी तिच्याकडे गेला, तो ते गोडमिट्ट सरबत पिऊनच परतला. समजूत घालायची हिंमत कुणाला झाली नाही.

यंदा अंबाडी पुन्हा लालभडक झाली. खालाने स्वतः बोंडं खुडली, उकळली आणि आम्हा सगळ्यांना बोलावून घेतलं.



पहिल्याच घोटाला कळलं, आज त्यात साखर नव्हती.