सर्वाधिक उल्लेखलेला निबंध

‘डॉ. श्यामसुंदर गद्रे यांच्या गव्हाच्या जनुकावरील निबंधाचा जगभरातील शास्त्रज्ञ आजही आवर्जून उल्लेख करतात,’ असे पुण्यातल्या सत्कारात वाचलेले मानपत्र सांगत होते. ते खरेच होते. त्यातला निष्कर्ष चुकीचा आहे, एवढे सांगण्यापुरताच ते उल्लेख करीत.

ती चूक वासंतीने गद्रेसरांची विद्यार्थिनी असतानाच दाखवली होती. सरांनी ‘कामात निष्काळजी’ असा शेरा मारून तिला काढले. आपलेच चुकले असेल, या समजुतीने ती पुन्हा प्रयोगशाळेची पायरी चढली नाही. वाघोलीत शिकवण्या घेत राहिली.

सत्कारानंतर शाल सावरत सर म्हणाले, “अरे वा, वासंती! पेढा घेतलास का?”

“सर, तेव्हा माझं नक्की काय चुकलं होतं हो?”



“तुझं? छे गं! तुझं बरोबर होतं, म्हणून तर तुला काढावं लागलं.”