दाराची फट

हेमांगी दाभाडे नवव्या मजल्यावर पोचली तेव्हा सातपुत्यांच्या दाराची जेमतेम हातभर फट उरली होती. स्वतःच्या भेगा स्वतः बुजवणारं काँक्रीट वापरून ही इमारत तिनेच उभारली होती. परवापासून ते काँक्रीट दारं-खिडक्यांनाही भेगा समजू लागलं होतं. बाकीची बिऱ्हाडं बाहेर पडली होती. विश्वंभर सातपुते मात्र कण्याला मार बसल्यामुळे पलंगाला खिळले होते आणि स्ट्रेचर आता फटीतून जात नव्हतं. कटरने कापलं की भिंत दुप्पट वेगाने वाढत होती.

"काकू, तुम्ही तरी या. अंग चोरून निघता येईल," हेमांगी म्हणाली.

"आणि यांना पाणी कोण पाजणार?" सुलभाकाकूंनी आतून विचारलं.

हेमांगीला रडू फुटलं. मग तिने मिळतील तेवढ्या पाण्याच्या बाटल्या आत सरकवल्या. दुपारी बाटलीही जाईना, तेव्हा तिने नुसता हात आत घातला. काकूंनी तो घट्ट धरून ठेवला.

"यांचा डोळा लागलाय," त्या हळूच म्हणाल्या.

भिंत मनगटाला टेकली, तरी हेमांगी हात काढेना. शेवटी काकूंनीच तिची बोटं एकेक करून सोडवली आणि हात बाहेर ढकलला.