खुपणारा उजेड

आईला उजेड खुपतो, हे वृंदाला लहानपणापासून ठाऊक होतं. नवागामच्या एका खोलीच्या घरात वृंदा खिडकीशी अभ्यासाला बसायची आणि आई पार कोपऱ्यात सरकून साड्यांना खडे चिकटवायची.

आता आर्किटेक्ट झालेली वृंदा आईसाठी घर बांधत होती. आईला सोसेल तेवढाच उजेड द्यावा, म्हणून तिने ती जुनी खोली कॉम्प्युटरवर उभी केली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत सूर्य फिरवून पाहिला. खिडकीशी, तिच्या अभ्यासाच्या जागेपुरतंच पिवळं उमटलं. बाकी खोली निळीकाळी. आईचा कोपरा सगळ्यात काळा.

तिने फोन लावला. "आई, तुझ्या खोलीला मोठी खिडकी काढतेय. उजेड खुपेल का गं?"

"आता कशाला खुपेल? तो तुझ्या परीक्षा होईपर्यंतच खुपायचा."